विज्ञान कादंबरीवर मत देताना हाताशी ठेवायचे हिशोब

"कादंबरी चांगली आहे, पण त्यातलं विज्ञान काही पटलं नाही." विज्ञान कादंबऱ्या वाचणारी चार माणसं जमली की हे वाक्य हमखास येतं आणि गप्पा तिथेच अडतात. कुठलं विज्ञान, कोणत्या प्रकरणातलं, किती चुकलं, आणि त्या चुकीमुळे कथेचा डोलारा कोसळला की नुसती एक ओळ खटकली, यातलं काहीच ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही. दुसऱ्या बाजूलाही तीच गत. "लेखकानं जबरदस्त अभ्यास केलाय" म्हणणाऱ्यालाही तो अभ्यास नेमका कुठे दिसला ते सांगता येत नाही.

ठाण्यात आणि नवी मुंबईत खरं तर असं व्हायला नको. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं, म्हणजे वाचनाची सवय जुनी. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांपासून ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांपर्यंत रोज आकड्यांशी झटणारी माणसंही इथे ढिगानं राहतात. पंपाचा दाब नाहीतर सर्व्हरवरचा लोड डोळ्यांत तेल घालून पाहणारा हाच वाचक कादंबरी उघडली की आकड्यांवरून नुसती नजर फिरवतो, कारण अंतराळातले हिशोब आपल्या आवाक्याबाहेरचे असणार असं त्यानं धरलेलं असतं. ते तसे नाहीत. गुणाकार, वर्ग आणि वर्गमूळ मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढता येत असेल, तर बहुतेक कादंबऱ्यांमधले मोठे दावे ठाण्याहून वाशीला पोचेपर्यंत तपासून होतात.

आधी सवलत कोणती ते ठरवा

विज्ञान कादंबरीला एक मोठी गोष्ट फुकट मिळते. प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं यान, परग्रहावरचं प्रगत जीवन, काळात मागे जाण्याची सोय, यांतलं एक काहीतरी लेखक सुरुवातीला मागतो आणि वाचक देतो. तिला सवलत म्हणू. सवलतीवर भांडण्यात अर्थ नाही. भांडायचं ते पुढच्या दोन गोष्टींवर: सवलत न मागता मोडलेला निसर्गनियम, आणि सवलत मागून तिचे परिणाम टाळणं.

दुसरी गोष्ट जास्त वेळा घडते आणि कमी वेळा पकडली जाते. समजा, कादंबरीत प्रकाशाहून वेगवान यानं आहेत. मग बातमीही त्याच यानानं जाऊ शकते. अशा कादंबरीतलं एखादं पात्र दूरच्या ताऱ्यावरून रेडिओनं येणाऱ्या निरोपाची १० वर्षं वाट पाहत बसलं असेल, तर ती चूक आहे. तिथे विज्ञान आड आलेलं नाही, लेखकानं स्वतःच दिलेली वस्तू तो विसरलाय.

लेखकानं जाणूनबुजून घेतलेल्या सवलतीचं चांगलं उदाहरण म्हणजे अँडी वीअर यांच्या 'द मार्शियन'मधलं वादळ. या वादळामुळेच नायक मंगळावर एकटा मागे राहतो. पण मंगळावरच्या हवेचा दाब पृथ्वीच्या १ टक्क्याहूनही कमी आहे आणि तिची घनता आपल्या हवेच्या साधारण साठावा भाग. वाऱ्याचा जोर घनता गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असतो. म्हणजे ६० चं वर्गमूळ घ्यायचं, ते येतं पावणेआठच्या आसपास, आणि मंगळावरच्या वेगाला त्यानं भागायचं. तिथे ताशी १७५ किमीचं वादळ सुटलं तरी अंगाला जोर जाणवेल तो आपल्याकडच्या ताशी २३ किमीच्या वाऱ्याइतका. ठाण्याच्या तलावपाळीवर पावसाळ्यात याहून जास्त वारा असतो. अशा वाऱ्यानं माणूस उडत नाही की यान कलंडत नाही. हे आपल्याला ठाऊक होतं आणि कथेसाठी मुद्दाम घेतलं, असं लेखकानं उघड सांगितलं आहे. बाकी कादंबरीभर पाणी, प्राणवायू, बटाटे यांचा काटेकोर हिशोब ठेवल्यामुळे ही सवलत त्यांना पचली. मत मांडताना हे दोन्ही सांगायचं: नियम कुठे मोडला आणि त्याची भरपाई झाली का.

वाचकांच्या हिशोबाला किती वजन असतं ते लॅरी निव्हेन यांच्या 'रिंगवर्ल्ड'च्या बाबतीत दिसलं. १९७० साली आलेल्या या कादंबरीत एका ताऱ्याभोवती बांधलेलं अवाढव्य कडं आहे. १९७१ च्या बॉस्टनमधल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटी या तिथल्या तंत्रविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांनी "रिंगवर्ल्ड अस्थिर आहे" अशा घोषणा दिल्या. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ताऱ्याभोवतीचं अखंड, ताठ कडं जरासं एका बाजूला सरकलं की जवळ आलेल्या बाजूवरची ओढ वाढते, त्यानं ते आणखी सरकतं आणि शेवटी ताऱ्यावर जाऊन आदळतं. ग्रहासारखं ते आपोआप जागेवर राहत नाही. निव्हेन यांनी पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर त्याला सावरणारी इंजिनं बसवली आणि ती इंजिनं कुणीतरी काढून नेल्यामुळे आलेलं संकट हाच कथेचा कणा केला.

अंतर: बोरीबंदर ते ठाणे

अंतराळातली अंतरं नजरेत बसत नाहीत, म्हणून एक नकाशा डोक्यात पक्का करून ठेवावा. १६ एप्रिल १८५३ ला पहिली गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आजच्या सीएसएमटीहून, ठाण्याला आली ते अंतर ३४ किमी. सूर्य बोरीबंदरला ठेवा आणि पृथ्वी ठाण्याच्या फलाटावर. या मापानं सूर्य होतो सुमारे ३१६ मीटर व्यासाचा गोळा, पृथ्वी २.९ मीटरची, आणि ८० सेंटिमीटरचा चंद्र त्याच फलाटावर ८७ मीटर दूर. माणूस आजवर गेला आहे तो एवढाच. मंगळ सगळ्यात जवळ येतो तेव्हा डोंबिवलीच्या थोडा अलीकडे असतो. गुरू नाशिकरोडच्या जरा अलीकडे. नेपच्यून नागपूरच्याही पुढे, बोरीबंदरपासून हजारभर किमीवर. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी? ९१ लाख किमी. म्हणजे या चिमुकल्या नकाशातही तो खऱ्या चंद्राच्या २४ पट लांब जाऊन पडतो.

याच नकाशात प्रकाश ताशी २४५ किमीनं धावतो आणि १९७७ साली निघालेलं, सेकंदाला १७ किमी वेगानं जाणारं व्हॉयेजर-१ तासाला जेमतेम १४ मीटर सरकतं. त्या वेगानं प्रॉक्झिमाइतकं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. ग्रहांवर फिरणारी कादंबरी आणि ताऱ्यांवर फिरणारी कादंबरी यांत केवढी दरी आहे ते इथे कळतं. पहिलीत आजच्या अग्निबाणांची थोडी सुधारलेली पिढी चालून जाते. दुसरीत सवलत घेतल्याशिवाय पानच उलटत नाही.

अंतराचा पहिला उपयोग म्हणजे संभाषण तपासणं. दर १ कोटी किमीला प्रकाशाला आणि रेडिओ संदेशाला सुमारे ३३ सेकंद लागतात. मंगळ साडेपाच कोटी ते ४० कोटी किमी दूर असतो, म्हणजे एका बाजूचा उशीर ३ ते २२ मिनिटं. प्रश्न विचारून उत्तर यायला त्याच्या दुप्पट. वाचक हमखास चुकतो तो या दुपटीत. मंगळावरच्या वसाहतीशी पात्रं समोरासमोर बसल्यासारखी बोलत असतील, तर ती सवलत लेखकानं आधी मागितली आहे का ते मागे जाऊन पाहा. चंद्राशी मात्र असं बोलता येतं, तिथला उशीर सव्वा सेकंदाच्या आसपास.

हा उशीर कथेत नीट वापरला तर ताण फार छान चढतो. २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा संदेशाला एका बाजूनं सुमारे साडेबारा मिनिटं लागत होती आणि वेग कमी करण्यासाठी इंजिन सुमारे २४ मिनिटं चालणार होतं. पृथ्वीवरून हाकणं शक्यच नव्हतं. सगळ्या आज्ञा काही दिवस आधीच यानात भरून ठेवल्या होत्या. इंजिन पेटल्याची खबर बंगळुरूला पोचली तोवर तिकडे निम्मं काम उरकलं होतं.

प्रवासाचे दिवसही तपासावेत. इंधन वाचवून मंगळावर जायला साधारण साडेआठ-नऊ महिने लागतात आणि निघायची योग्य वेळ दर २६ महिन्यांनी एकदाच येते. मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ ला सुटलं आणि अमेरिकेचं मावेन यानही त्याच महिन्यात सुटलं, ते यामुळेच. कादंबरीत मंगळासाठी दर महिन्याला यान सुटत असेल तर त्याच्याकडे फार जोरकस इंजिन असायला हवं. आणि तसं इंजिन असेल तर दिवस एकदम कमी व्हायला हवेत. सतत १ जी, म्हणजे पृथ्वीवरच्या वजनाइतका रेटा देणारं इंजिन अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवत आणि पुढे कमी करत गेलं, तर १० कोटी किमीला सुमारे ५६ तास पुरतात. एका प्रकरणात "इंजिन सतत चालू असल्यानं यानात वजन जाणवत होतं" आणि पुढच्यात "प्रवासाचा सहावा महिना" असं आलं तर दोन्हींपैकी एक खोटं आहे.

काळ: यानातलं वर्ष किती लांब

वेगात असलेल्या यानातला काळ हळू चालतो हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, पण किती हळू ते काढायला लोक बिचकतात. कृती अशी. यानाचा वेग प्रकाशाच्या किती पट ते दशांशात लिहा, समजा ०.८. त्याचा वर्ग करा: ०.६४. तो १ मधून वजा करा: ०.३६. वर्गमूळ घ्या: ०.६. झालं. पृथ्वीवर १० वर्षं गेली तर यानात ६ गेली. टक्के आणि दशांश यांची गल्लत होते ती इथेच, ८० टक्के असेल तर ०.८ घ्यायचे, ८० नव्हे.

हीच कृती ०.१ वर करून पाहा. उत्तर येतं ०.९९५, म्हणजे वर्षभरात फरक पडतो दोन दिवसांहूनही कमी. ०.५ ला ०.८६६. ०.९ ला ०.४४. ०.९९ ला ०.१४. परिणाम सरळ रेषेत वाढत नाही, शेवटच्या टप्प्यात एकदम उसळतो. म्हणून प्रकाशाच्या दहाव्या हिश्शानं गेलेला नायक तरुणच परत येतो आणि त्याची मुलगी म्हातारी झालेली असते, अशी कथा उभी राहू शकत नाही. त्यासाठी ०.९९ च्या आसपास तरी जायला हवं.

या विषयात दोन चुका वारंवार दिसतात. पहिली, यानातल्या माणसाला आपला काळ संथ झाल्यासारखा वाटतो असं वर्णन. त्याला काहीही वाटत नाही. त्याचं घड्याळ, नाडी, चहा निवणं, सगळं नेहमीसारखंच. फरक दिसतो तो परतल्यावर दोन घड्याळं शेजारी ठेवली की. दुसरी, "दोघंही एकमेकांना वेगात दिसतात, मग नेमका कोण तरुण राहणार?" असा प्रश्न टाकून कादंबरीलाच चूक ठरवणं. दोघांची स्थिती सारखी नसते. एक जण थांबला, वळला आणि परत आला, त्यासाठी इंजिन चालवावं लागलं. दुसऱ्यानं यातलं काही केलं नाही. वळून आलेला तरुण राहतो.

हे सगळं कागदावरचं नाही. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं वेगामुळे दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद (सेकंदाचे दहा लाखावे भाग) मागे पडतात आणि उंचीवर गुरुत्वाकर्षण कमी असल्यानं सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. निव्वळ ३८ मायक्रोसेकंदांचा फरक दुरुस्त केला नाही, तर घोडबंदर रोडवरचा आपला निळा ठिपका दिवसागणिक काही किलोमीटर भरकटत जाईल.

ताऱ्यापर्यंतचा प्रवास सतत १ जी रेट्यानं करायचा ठरवला, अर्ध्या वाटेला यान उलटं फिरवून वेग उतरवला, तर प्रॉक्झिमाला पोचायला यानात साडेतीन वर्षं लागतात आणि पृथ्वीवर ५.९. मधल्या क्षणी वेग प्रकाशाच्या ९५ टक्के असतो. कादंबरीकाराला हा आकडा फार सोयीचा, कारण माणूस एका आयुष्यात जाऊन येऊ शकतो. अडचण इंधनाची. पदार्थाचं शंभर टक्के प्रकाशात रूपांतर करून तो मागे फेकणारं, म्हणजे निसर्गनियम ज्याच्या पुढे जाऊच देत नाहीत असं इंजिन असलं, तरी १ टन सामान तिथे नेऊन थांबवायला निघताना सुमारे ३९ टनांचं यान लागतं. परत यायचं इंधनही सोबत न्यायचं तर ३९ गुणिले ३९, म्हणजे दीड हजार टन. "इंधन कुठून आलं" या प्रश्नाला कादंबरीत एक ओळीचं तरी उत्तर असावं.

वेगाची किंमत विजेच्या युनिटमध्ये मोजली की चटकन कळते. १ किलो वस्तूला प्रकाशाच्या फक्त दहाव्या हिश्शाचा वेग द्यायला १२.५ कोटी युनिट ऊर्जा लागते, आणि तीही काहीच वाया गेलं नाही तर. महिन्याला २०० युनिट वापरणारी ५२ हजार घरं वर्षभर चालतील एवढी वीज एका किलोला! त्याच वेगात समोरून आलेला किलोभर दगड आदळला तर तेवढीच ऊर्जा बाहेर पडते, हिरोशिमावर पडलेल्या जवळपास सात अणुबॉम्बांएवढी. ताऱ्यांकडे जाणाऱ्या यानापुढे धुळीपासून बचावाची ढाल नसेल तर विचारायलाच हवं.

गोल फिरणारं अंतराळस्थानक

सतत इंजिन चालवणं परवडत नाही, म्हणून कादंबऱ्यांमध्ये फिरणारी स्थानकं येतात. त्यांचा हिशोब सगळ्यात सोपा, आणि लेखकांच्या हातून तोच जास्त निसटतो.

मिनिटाला किती फेऱ्या ते पाहा. त्या आकड्याचा वर्ग करा आणि ८९४ ला त्यानं भागा. पृथ्वीइतकं वजन जाणवायला लागणारी त्रिज्या मीटरमध्ये मिळते. १ फेरीला ८९४ मीटर, २ फेऱ्यांना २२४, ३ ला ९९, ४ ला ५६. त्रिज्या म्हणजे मध्यापासून पायाखालच्या जमिनीपर्यंत. कादंबरीत बहुधा व्यास दिलेला असतो, तो निम्मा करायला विसरलात तर वजन दुप्पट येईल आणि दोष उगाच लेखकाला जाईल.

मग लेखक सरळ छोटं स्थानक घेऊन गरगर का फिरवत नाही? कारण कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा. मिनिटाला २ फेऱ्यांपर्यंत बहुतेकांना निभतं असं धरतात. त्यापुढे मान वळवली की घेरी आणि मळमळ सुरू होते, सरावानं काहींना जमतं. छोट्या स्थानकात आणखी एक भानगड असते. १० मीटर त्रिज्येचं स्थानक घ्या. पृथ्वीइतकं वजन हवं तर त्याला मिनिटाला साडेनऊ फेऱ्या लागतात. १.७ मीटर उंचीच्या माणसाचं डोकं मध्यापासून ८.३ मीटरवर येतं, म्हणजे पायांपाशी १ जी असेल तर डोक्यापाशी ०.८३. जमिनीचा वेग सेकंदाला ९.९ मीटर. फिरण्याच्या उलट दिशेनं कुणी सेकंदाला ३ मीटरनं, म्हणजे साध्या जॉगिंगच्या वेगानं धावला तर त्याचं वजन निम्म्यावर येतं, आणि फिरण्याच्या दिशेनं धावला तर १.७ पट होतं. दीड मीटर उंचीवरून सोडलेला चेंडू पायाशी पडत नाही, ६५ सेंटिमीटर मागे पडतो, कारण हातातून सुटल्यावर तो सरळ रेषेत जातो आणि जमीन तेवढ्यात पुढे वळून जाते. २२४ मीटरच्या स्थानकात हाच चेंडू साधारण १२ सेंटिमीटर मागे पडतो. तिथेही पाण्याची धार तिरपी दिसेल. कॅरमच्या सोंगट्यांना मात्र फारसा फरक पडणार नाही.

क्रिकेट, मारामारी किंवा जिन्यावरची धावपळ फिरत्या स्थानकात घडत असेल तर हे दोन-तीन आकडे हाताशी ठेवून तो प्रसंग पुन्हा वाचा. लेखकाला जागेची जाण किती आहे ते या एका प्रसंगात कळतं. जिना चढताना वजन कमी होत जायला हवं आणि अंग एका बाजूला ढकललं जायला हवं. दोन्ही सांगणारा लेखक भेटला तर त्याच्या बाकीच्या पानांवर बिनधास्त विश्वास टाकावा.

वाचकांचाही एक आक्षेप नेहमी चुकतो: "हे फिरवत ठेवायला एवढी ऊर्जा कुठून आणली?" निर्वातात थांबवणारं काही नसतं. एकदा फिरवलं की ते फिरतच राहतं. त्याउलट, बिघाड होऊन स्थानक एका क्षणात थांबलं आणि सगळे अलगद तरंगू लागले, हे दृश्य मात्र खरं नाही. २२४ मीटरच्या स्थानकात जमिनीचा वेग ताशी सुमारे १६९ किमी असतो. ती अचानक थांबली तर माणसं त्या वेगानं समोरच्या भिंतीवर जातील.

थोडक्यात उरकण्याजोगं

अंतराळात स्फोटाचा आवाज येत नाही, हे आता सगळे जाणतात. निर्वातात पडलेला माणूस फुटत नाही आणि क्षणात गोठतही नाही. दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते, दीड-दोन मिनिटांत आत घेतला तर वाचू शकतो. यान थंड पडण्यापेक्षा तापण्याची भीती मोठी, कारण उष्णता वाहून न्यायला बाहेर हवा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर उष्णता बाहेर टाकणारे मोठे पंखांसारखे पत्रे याचसाठी लावलेत. लघुग्रहांच्या पट्ट्यात दगड चुकवत यान हाकावं लागत नाही, दोन मोठ्या दगडांमध्ये लाखो किमी मोकळी जागा असते. आणि सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तर पृथ्वी आत खेचली जाणार नाही, अंधारात आणि थंडीत त्याच कक्षेत फिरत राहील. प्रकाशवर्ष हे अंतराचं माप, सुमारे ९.४६ लाख कोटी किमी. अनुवादित कादंबरीत एखादा आकडा भलताच वाटला तर लेखकाला नावं ठेवण्याआधी त्यातला १ अब्ज म्हणजे १०० कोटी असं धरून तो पुन्हा लावून पाहावा. अनुवादात शून्यं गळतात.

उद्याच्या नवी मुंबईची कादंबरी

जवळच्या भविष्यावरच्या कादंबऱ्यांना हिशोब लावायचा कुणाला सुचत नाही, कारण तिथे यान नसतं. पण पाण्याखाली गेलेलं शहर हे आता विज्ञान कादंबरीतलं नेहमीचं दृश्य झालंय, आणि खाडीकाठी राहणाऱ्यांइतकं ते नीट तपासणारा दुसरा वाचक नाही.

२०८० साली वाशीच्या इमारतींचे तीन मजले कायमचे पाण्यात, असं लिहिलेलं असेल तर ती सवलत आहे, अंदाज नव्हे. हवामान बदलावरच्या आंतरसरकारी पॅनेलच्या सहाव्या अहवालानुसार, उत्सर्जन खूप जास्त राहिलं तर २१०० पर्यंत जगाची सरासरी समुद्रपातळी १९९५-२०१४ च्या तुलनेत ०.६३ ते १.०१ मीटर वाढण्याची शक्यता आहे. बर्फाच्या थरांचं वागणं पुरतं उलगडलेलं नसल्यानं २ मीटरही पूर्ण नाकारलेले नाहीत. पृथ्वीवरचा सगळा बर्फ वितळला तर पाणी ६५ ते ७० मीटर चढेल, पण त्याला हजारो वर्षं लागतात.

मग एका मीटरनं काय बिघडतं? बरंच. आणि ते लाटेनं बिघडत नाही, पावसानं बिघडतं. नवी मुंबईचा मोठा भाग सखल आहे, मोठ्या भरतीच्या पातळीहूनही खाली. म्हणून नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोनं इथे होल्डिंग पाँड, म्हणजे धारण तलाव बांधले. ओहोटीला त्यांच्या झडपा उघडतात आणि नाल्यांचं पाणी खाडीत जातं. भरतीला खाडीच्या दाबानं झडपा मिटतात आणि तेवढा वेळ पावसाचं पाणी तलावात साठतं. आता हिशोब करा. १ चौरस किमीवर १०० मिमी पाऊस म्हणजे १ लाख घनमीटर पाणी. झडपा बंद असताना २०० मिमी पडला तर २ लाख. १० हेक्टरचा, २ मीटर खोल तलाव तेवढ्यानं काठोकाठ भरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला होता.

समुद्र एक मीटर चढला की झडपा जास्त वेळ बंद राहतात आणि उघडल्या तरी पाण्याला उतार कमी मिळतो. म्हणून खरी भीतीदायक कादंबरी तीच, जिच्यात पाणी खाडीकडून येतच नाही. ते गटाराच्या झाकणांतून, सोसायटीच्या तळघरातून, स्टेशनच्या भुयारी वाटेतून वर येतं आणि जायला वाट नसल्यानं तिथेच राहतं.

अशा कादंबरीतली भरतीची वेळसुद्धा तपासता येते. किनाऱ्यावर चालणारा ढोबळ नियम असा: पंधरवड्यातल्या तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला ३ च्या सुमारास, अष्टमीला ६ च्या. पौर्णिमा-अमावस्येला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास, आणि खाडीत आत पाणी यायला त्याहून थोडा उशीर. तेव्हा पौर्णिमेच्या रात्री ८ वाजता वाशी पुलाखाली भरती उसळत होती असं लिहिणाऱ्या लेखकानं खाडी पाहिलेली नाही. त्या वेळी ओहोटी नुकतीच संपलेली असते आणि दोन्ही काठांना चिखल उघडा असतो.

गाळाचाही विचार व्हावा. तलावात १ मीटर गाळ बसला तर २ लाख घनमीटरचा तलाव १ लाखाचा होतो आणि समुद्र एक सेंटिमीटरही न चढता पूर येतो. आत कांदळवन वाढलं की गाळ उपसणं कायद्यानंही अवघड जातं, कारण ती झाडं संरक्षित आहेत. तलाव राखावा की झाडं, या पेचावर उभी असलेली कादंबरी हाती आली तर तिच्यावर बोलायला ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या प्रत्येक वाचकाकडे काहीतरी असेल, आणि तिला कुठलीही सवलत द्यावी लागणार नाही.